नाव घेतल्याशिवाय युरिया नाही

त्यांना 'नेहमीचं' हा शब्द चालत नसे. चहावाला दारात येऊन "साहेब, नेहमीचंच का?" म्हणाला की ते हातातलं काम बाजूला ठेवत आणि शांतपणे म्हणत, "नेहमीचं म्हणजे काय, ते तुम्ही सांगा. मी हो किंवा नाही म्हणतो."

चहावाला वैतागून सगळं बोलून दाखवी. "दोन चा. एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा तुमास्नी, साखरेचा ह्यास्नी. झालं?"

"झालं. आता आणा."

हे रोज चाले. मला सुरुवातीला वाटे, हा माणूस मुद्दाम छळतोय. पुढे लक्षात आलं की छळण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. ऐकणाऱ्याने आपल्या मनातलं ओळखून घ्यावं, ही अपेक्षाच त्यांना पटत नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं होती. कोल्हापुरात जनावरांचं खाद्य तयार करणाऱ्या एका सहकारी संस्थेत मी आकडेवारीच्या कामाला होतो. संस्थेने नवा संगणक घेतला आणि तो चालवायला हे गृहस्थ मुंबईहून आले. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने सडपातळ, बोलणं हळू. मुंबईत एका मोठ्या कारखान्यात कार्डांना भोकं पाडून चालणाऱ्या यंत्रांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. संगणक विभाग म्हणजे लक्ष्मीपुरीतल्या आमच्या कार्यालयातली एक थंडगार खोली, एक यंत्र, एक छपाईयंत्र आणि आम्ही दोघे. मला बेरजा पक्क्या येतात एवढ्याच कारणावरून त्यांच्या हाताखाली दिलं होतं. कार्यालयात सगळे त्यांना पाठीमागे 'लेबलसाहेब' म्हणत. हे त्यांना माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "नाव चुकीचं नाही. मी तेवढंच करतो."

मिसळ खायला गेलो की त्यांची मागणी अशी असे: "मिसळ दोन. त्यातली एक, कट कमी. पाव चार. कांदा वेगळ्या बशीत. लिंबू, दोन फोडी." मंगळवार पेठेतला तो हॉटेलवाला एकदा हात जोडून म्हणाला, "पावणं, मिसळ देऊ, का लग्नाची यादी करून देऊ?" सगळं हॉटेल हसलं. साहेबही हसले आणि म्हणाले, "पण चुकलात का कधी? माझ्या टेबलावर कट जास्त आला का?" हॉटेलवाला फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, "न्हाय बा. ते मात्र खरं."

त्यांच्या घरी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "साखर आणि मीठ मला डोळे मिटून कळतं हो. हे सगळं ह्यांच्यासाठी. मी माहेरी गेले की ह्यांचा चहा खारट व्हायचा." साहेब आतून ओरडले, "एकदाच झाला होता!"

आता त्यांचं काम काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची हकिगत कळायची नाही.

खाद्यात काय किती घालायचं हे आमचे पशुआहाराचे डॉक्टर रोज ठरवत. मका, कोंडा, पेंड, साखर कारखान्यातून येणारी मळी, मीठ, युरिया आणि खनिज मिश्रण. शंभर किलोत कशाचे किती किलो, ते आकडे फोनवरून आमच्या खोलीत येत. संगणक त्यावरून प्रत्येक घाण्याची वजनं काढी आणि चिठ्ठी छापी. जीप ती चिठ्ठी घेऊन कळंब्याच्या पुढे असलेल्या आमच्या कारखान्यात जाई. तिथले लोक चिठ्ठीबरहुकूम पोती ओतत. चिठ्ठीत लिहिलं ते म्हशीच्या पोटात गेलं, इतकं हे सरळ होतं.

हा हिशोब करणारा संगणकातला प्रोग्रॅम साहेबांच्या आधी बाहेरच्या कुणीतरी लिहून दिला होता. त्यातल्या मुख्य फंक्शनला, म्हणजे आकडे घेऊन हिशोब करणाऱ्या तुकड्याला, सात आकडे लागत, आणि तेही ठरलेल्या क्रमानेच. पहिला आकडा मक्याचा, दुसरा कोंड्याचा, असं करत सहावा युरियाचा आणि सातवा खनिजाचा. आकडा कशाचा आहे हे कुठेही सांगायचं नाही. त्याची जागा हीच त्याची ओळख. डॉक्टरांनी एखाद्या दिवशी चिंचोक्याचा चुरा घालायचं ठरवलं की आठवी जागाच नसे, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांना पुन्हा बोलवावं लागे.

साहेबांनी पहिल्याच महिन्यात तो मोडीत काढला आणि नवीन लिहिला. तो मला समजावून सांगताना त्यांनी लग्नाच्या पंगतीचं उदाहरण घेतलं होतं.

"वाढप्याला तुम्ही सांगितलं, पाचव्या पानावर मीठ वाढू नको, त्या गृहस्थांना रक्तदाब आहे. बरोबर? आता तिसऱ्या पानावरचा माणूस उठून गेला. बाकीचे सरकून बसले. पाचव्या पानावर आता कोण आहे?"

"सहावा माणूस."

"त्याचं जेवण अळणी. आणि रक्तदाबवाल्याच्या पानात मीठ. वाढप्याची चूक नाही, तुमची नाही, उठून गेलेल्याचीही नाही. पंगत मात्र पूर्ण दिसते. एकही पान रिकामं नाही."

त्यांनी नियम केला. पहिले चार आकडे, म्हणजे मका, कोंडा, पेंड आणि मळी, जागेवर बसतील. रोजचे आहेत, मोठे आहेत, घाईत क्रमाने सांगायला सोपे. त्यांच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव सांगून यायचं. नाव सांगून येणारे कितीही येवोत, कुठल्याही क्रमाने येवोत, फंक्शन त्यांना घेईल. मीठ आधी सांगा नाहीतर खनिज आधी सांगा, फरक पडत नाही. चिंचोके, सरकी, शेंगांची टरफलं, उद्या आणखी काही, सगळ्यांना जागा आहे. ज्याचं नाव यंत्राला माहीत नाही, त्याला हाकलायचं नाही, गुपचूप वाढायचंही नाही. त्याला वेगळं बसवायचं आणि चिठ्ठीच्या तळाशी छापायचं: 'ओळख पटली नाही.'

एकदा माझ्याकडून चिंचोक्याचं स्पेलिंग वेगळं टाइप झालं आणि चिठ्ठी तशीच कारखान्यात गेली. तिथल्या मुकादमाचा फोन आला. "सायेब, चिंचोक्याची वळख पटत न्हाय म्हणून लिवलंय. जामिनाला मी येऊ का?"

काही न सांगता चालणाऱ्या गोष्टीही त्यांनी ठरवल्या होत्या. मीठ सांगितलं नाही तर एक टक्का धरायचं. हे ठरवायला त्यांनी डॉक्टरांबरोबर दोन बैठका घेतल्या. मला आश्चर्य वाटलं. म्हटलं, "साहेब, तुम्हाला तर 'नेहमीचं' चालत नाही."

"नेहमीचं काय ते आधी सांगून ठेवलं असेल तर चालतं," ते म्हणाले. "मिठाचं सांगून ठेवलंय. युरियाचं सांगून ठेवणार नाही. युरिया घालायचा असेल तर त्या दिवशी, त्या माणसाने, नाव घेऊन सांगायचा. नाव घेतलं नाही तर युरिया नाही."

युरिया म्हणजे शेतात टाकतात तेच खत. जनावरांच्या खाद्यात अगदी थोडं घातलं तर अंगी लागतं, जास्त झालं तर जनावर फुगून, थरथरून काही तासांत आडवं होतं. हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी एकदा त्यांना विचारलं, "मुंबईत असं काही घडलं होतं का?" माझी खात्री होती की एवढ्या हट्टामागे काहीतरी असणार. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काही घडलं नव्हतं. घडायला कशाला पाहिजे? प्रत्येक सावधगिरीमागं एक मेलेलं जनावर असलंच पाहिजे का?"

व्यवस्थापकांना मात्र हे सगळं थोतांड वाटे. ते कामाचे माणूस होते, गावोगावच्या दूध संस्था त्यांनी उभ्या केल्या होत्या, आणि त्यांना वेगाची सवय होती. "सात आकडे सांगायला सात सेकंद लागत होते," ते म्हणत. "आता डॉक्टर फोनवर बारशाला बसल्यासारखी नावं घेत बसतात."

मग तो पावसाळा आला. कृष्णेचं पाणी शिरोळ तालुक्यात घुसलं. गावंच्या गावं माणसांसकट आणि जनावरांसकट उंचावरच्या शाळांत, देवळांच्या आवारांत हलवली. हिरवा चारा पाण्याखाली गेला, गवताच्या गंजी वाहून गेल्या. आमच्या खाद्याचे ट्रक तिकडे जायचे होते. मिश्रण तयार करून पोती शिवली की निघायचं, एवढंच बाकी होतं. डॉक्टर स्वतः आदल्या दिवशीच तिकडे जनावरं बघायला गेले होते.

सकाळी तिकडून डॉक्टरांचा ट्रंक कॉल आला. फोन मी घेतला. लाइनीत इतकी खरखर होती की त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. ते ओरडून आकडे सांगायला लागले. "तीस. चव्वेचाळीस. एकवीस. एक. एक. तीन. लिहिलंत?" मी म्हटलं, "नावं सांगा, डॉक्टर!" तेवढ्यात लाइन तुटली. पुन्हा लागलीच नाही.

मी कागदावर बेरीज केली. शंभर. बरोबर शंभर. मला हायसं वाटलं. माझ्या हिशोबी डोक्याला बेरीज जुळण्याएवढा भरवसा दुसऱ्या कशाचा नसतो.

साहेबांनी कागद बघितला. "सहाच आहेत."

"सातवा, म्हणजे खनिज, नसेल घालायचं. बेरीज जुळतेय."

"मग युरिया किती?"

मी क्रमाने बोट ठेवत गेलो. मका तीस, कोंडा चव्वेचाळीस, पेंड एकवीस, मळी एक, मीठ एक, युरिया तीन.

"रोज किती असतो?"

"एक."

त्यांनी आकडे यंत्राला दिले. यंत्राने पहिले चार घेतले आणि ते पाचव्यापाशी थांबलं. नाव नाही. अर्थात थांबणारच होतं, तसंच त्यांनी लिहिलं होतं.

तोवर व्यवस्थापक खाली आले. कारखान्यात लोक घाणा लावायला तयार होते, अंगणात ट्रक उभे होते. मी त्यांना कागद दाखवला. ते म्हणाले, "मग टाका की युरिया तीन. चारा नाही, पेंड कमी पडतेय, प्रथिनं कुठून आणायची? युरिया वाढवायचं मागच्या आठवड्यात डॉक्टरच बोलत होते. माझ्या समोर बोलले."

हे खरं होतं. मीही त्या बैठकीला होतो.

"बोलले होते," साहेब म्हणाले. "आज सांगितलंय का, ते मला माहीत नाही."

"बेरीज शंभर येतेय ना?"

"बेरीज शंभरच येणार. कुणी कुठंही बसलं तरी."

"अहो, तिकडं जनावरं उपाशी उभी आहेत. पावसात. दावणीला पाणी लागलंय. तुम्हाला थंड खोलीत बसून नावं पाहिजेत?" व्यवस्थापकांचा आवाज चढला. "तुमचं म्हणणं काय, डॉक्टरांनी चूक केली?"

"चूक आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, असं म्हणतो."

"मग मी सांगतो. युरिया तीन. माझ्या जबाबदारीवर."

साहेब उठून उभे राहिले. "तुम्ही लेखी आदेश द्या, मी तो फाइलला लावतो. पण चिठ्ठी मी छापणार नाही. युरियाशिवायची हवी असेल तर आत्ता देतो."

"युरिया काढून उरलेल्याचा हिशोब काय धरणार? कोंडा चव्वेचाळीस कुठल्या शास्त्रात बसतो?" व्यवस्थापकांनाही शेवटी आकडे खटकले होते; पण माघार घेण्याची ती वेळ नव्हती आणि तो स्वभावही नव्हता. "काय करायचं ते करा. ट्रक अडवल्याचं उत्तर तुम्ही द्यायचं," एवढं बोलून ते वर निघून गेले.

साहेबांनी छत्री घेतली आणि मला बरोबर घेतलं. पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरून पूरग्रस्त गावांना निरोप जात होते. तिथे रांग होती. आमची पाळी आली तेव्हा यंत्रावरच्या हवालदाराने वर न बघता विचारलं, "माणसं किती अडकल्यात?"

"माणसं नाही. डॉक्टरांना निरोप द्यायचाय. मका किती, कोंडा किती, पेंड किती, मळी किती..."

हवालदाराने मान वर केली. "मळी? मळी कशाला पायजे? पुरात भट्टी लावतासा व्हय?"

मळीपासून दारू गाळतात, म्हणून त्याला संशय आला. साहेबांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. म्हशी, खाद्य, युरिया, जागा, नाव. मागची रांग कुरकुरायला लागली. हवालदाराने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "म्हंजे वाढप्यानं जिलबीच्या जागी मिरची वाढू नी, असंच न्हवं?"

"अगदी तसंच," साहेब म्हणाले.

"मग आधीच सांगायचं की."

निरोप गेला. डॉक्टर कुठल्या शाळेत आहेत ते शोधायला तिकडच्या शिपायांना दुपार गेली. आम्ही बाकावर बसून होतो. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. साहेब एकदाच बोलले. "उपाशी जनावर रात्र काढतं ना हो?" मी म्हटलं, "काढतं." त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. ते बरोबर आहेत याची त्यांना खात्री नव्हती. चार गावांची जनावरं आपल्यामुळे उपाशी आहेत, याची मात्र पूर्ण खात्री होती.

संध्याकाळी उत्तर आलं. हवालदाराने एकेक शब्द तोडून वाचून दाखवला. मका तीस. कोंडा चव्वेचाळीस. पेंड एकवीस. मीठ एक. युरिया एक. खनिज तीन. आणि शेवटी: मळीचा टँकर पाण्यात अडकला म्हणून मळी नाही, तेवढा कोंडा वाढवलाय.

मी कागद मांडीवर ठेवून पुन्हा सगळं लावून बघितलं. मळी उठून गेली होती आणि तिच्या मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले होते. मिठाचा आकडा मळीच्या जागी, युरियाचा मिठाच्या, आणि खनिजाचा तीन हा आकडा येऊन युरियाच्या पानावर बसला होता. बेरीज शंभर. पुढे डॉक्टर भेटले तेव्हा म्हणाले, एरवी तिप्पट युरिया पोटात जाऊनही काही जनावरं तरली असती. पण मळी नसताना, उपाशी पोटी एकही उभं राहिलं नसतं; मळीतल्या साखरेशिवाय युरिया पचत नाही.

चिठ्ठी छापली. ट्रक दुसऱ्या दिवशी पोचले. व्यवस्थापकांनी वाहतूक अडवल्याबद्दल साहेबांना ज्ञापन दिलं. डॉक्टरांनी त्यांना जाऊन सगळं सांगितल्यावरही ते ज्ञापन मागे घेतलं गेलं नाही आणि त्यावर पुढे काही झालंही नाही. व्यवस्थापकांनी फोनवरच्या बारशाबद्दल पुन्हा कधी तक्रार केली नाही, एवढंच. काही झालंच नव्हतं, मग त्याबद्दल बोलणार तरी कोण?

पूर ओसरल्यावर पंधराएक दिवसांनी शिरोळकडचा एक म्हातारा शेतकरी आमच्या खोलीत थेट घुसला. दारातल्या शिपायाने पायताण काढायला सांगितलं तेही त्याने ऐकलं नाही. डोक्याचा पटका सैल झालेला, हातात काठी.

"आमचं खाद्य कुणी अडवलतं? वरच्या सायेबानं खाली जावा म्हणून सांगितलं. कोन त्यो हुशार?"

मी काही बोलायच्या आत साहेब उभे राहिले. "मी."

म्हातारा थोडा गोंधळला. इतक्या लवकर उत्तर मिळेल असं त्याला वाटलं नसावं. "का? रातभर म्हशी वरडत हुत्या. शाळंच्या व्हरांड्यात आमी बसलेलो, डोळ्याला डोळा न्हाय. पोरं रडाय लागली म्हशींकडं बघून. का अडवलं?"

मी उठलो. मला सगळं सांगायचं होतं. साहेबांनी माझ्याकडे न बघता हाताने खाली बसायची खूण केली.

"एक आकडा कशाचा आहे ते मला कळलं नव्हतं," ते म्हणाले. "कळेपर्यंत थांबलो. तुम्हाला त्रास झाला. चुकलं."

"आकडा!" म्हातारा माझ्याकडे वळला. "ऐकलासा? आकड्यापायी!"

"म्हशी कशा आहेत?" साहेबांनी विचारलं.

"म्हशींस्नी काय धाड भरलीया? चांगल्या हायत की."

"सगळ्या?"

"सगळ्या म्हंजे सगळ्या. का, एकेकीचं इचारतासा का काय?"

"हो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःची खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. "एकेकीचं सांगा."

म्हातारा खुर्चीत बसला. राग अजून उतरला नव्हता, पण म्हशींचं कुणी विचारलं तर न सांगणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याने काठी मांडीवर आडवी घेतली आणि बोटं दुमडत सुरुवात केली. राणी बरी हाय, दोन्ही वेळंला भरून दूध देती. मंगळी जरा खंगल्या, पण उठती-बसती. काळी गाभण हाय. सुंदरीच्या खुराला पाण्यानं जखम झालती, ती भरली. साहेब उभ्याउभ्या प्रत्येक नावाला मान हलवत होते. इतक्या लक्षपूर्वक त्यांनी यंत्राचंसुद्धा कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

"आन एक धाकटी रेडी हाय," म्हातारा शेवटी म्हणाला. "पुरातच जन्मली. तिचं अजून नाव न्हाय ठेवलं."

"ठेवा," साहेब म्हणाले.